मायक्रोस्कोपवर नमुना सांडला, आता पुसायचं कशानं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये काम करणाऱ्या, नुकतीच डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) झालेल्या मुलीच्या हातून लघवीचं डिपॉझिट, म्हणजे तळाशी बसलेला गाळ, बघताना नमुन्यावरची पातळ काच, कव्हरस्लिप, सरकली. पाणी स्टेजवर, म्हणजे स्लाइड ठेवायच्या सपाट भागावर, पसरलं, मधल्या भोकातून खाली कंडेन्सरवर (दिव्याचा उजेड एकवटणाऱ्या भिंगावर) उतरलं, ४० पट मोठं दाखवणारी ४० एक्सची लेन्सही भिजली. घाबरून तिनं स्प्रेच्या बाटलीतलं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं जंतुनाशक पाणी, सगळीकडं मारलं आणि टिश्यूनं खसाखसा पुसून काढलं. चार दिवसांत स्टेजवर पांढरट ठिपके उठले. ४० एक्समधून धुक्यात बघितल्यासारखं दिसतंय आणि झायलीननं पुसूनही फरक पडत नाही. झालेलं नीट होईल का, आणि परत असं झालं तर नेमकं काय करायचं, असं तिनं विचारलंय.

लॅबमध्ये ओरडा बसला असेल तर मनाला लावून घेऊ नका. एकतीस वर्षं हेच काम करतेय, आणि मायक्रोस्कोपवर नमुना सांडला नाही असा टेक्निशियन मला अजून भेटायचाय. मी स्वतः पहिल्या नोकरीत तुमच्यापेक्षा मोठा घोळ घातला होता. शौचाच्या नमुन्याची स्लाइड स्टेजवर उपडी झाली आणि मी वाटीभर हायपो ओतून ब्रशनं घासलं. सर्वांसमोर शाबासकीही मिळाली, पोरगी स्वच्छतेची आहे म्हणून. पावसाळा लागला आणि स्लाइड पुढं-मागं सरकवणारी दातेरी पट्टी गंजून अशी जाम झाली की स्लाइड बोटानं ढकलून मलेरिया बघायची वेळ आली. तेव्हापासून माझं मत झालंय की सांडलेल्या थेंबानं मायक्रोस्कोपचं फारसं बिघडत नाही. त्याची खरी वाट पुढच्या दोन मिनिटांत आपण लावतो.

हायपो वाईट नाही. टेबल, फरशी, टाकाऊ नमुने यांच्यासाठी त्याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही. पण मायक्रोस्कोपवर ते तीन ठिकाणी घात करतं. पहिलं म्हणजे धातू. स्टेजचं ॲल्युमिनियम, क्रोमचा मुलामा, स्क्रू, दातेरी पट्टी या सगळ्यांना ते खातं, आणि पुसल्यावरही सांध्यात राहिलेला क्षार हवेतला ओलावा ओढून खातच राहतो. दुसरं, लघवी, रक्त, शौच यांतला सेंद्रिय भाग क्लोरीन वापरून संपवतो. म्हणजे घाणीवर थेट मारलेलं हायपो बरंचसं घाणीशीच झुंजून मरतं आणि जंतूंपर्यंत कमीच पोचतं. तिसरं तुम्हाला नाकानं कळलं असेल. लघवीतल्या अमोनियाशी हायपोची गाठ पडली की क्लोरामाइनचे वायू सुटतात, नाकाडोळ्यांत झोंबणारे. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत हा प्रकार परत करू नका. आणि स्प्रे तर कुठलाच नको, अगदी अल्कोहोलचाही. स्प्रेचं पाणी जिथं आपला हात पोचत नाही तिथंच जाऊन बसतं.

आता परत सांडलं तर काय करायचं ते सांगते. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

हात मायक्रोस्कोपवरून बाजूला घ्या. ग्लोव्हज बहुधा घातलेलेच असतील, पण तेही भिजलेत, बदला. मास्क आणि चष्मा किंवा गॉगल लावा. बटण बंद करा आणि प्लगही काढा. जुना हॅलोजनचा दिवा असेल तर तो गार होऊ द्या, कारण थोड्या वेळानं आपण तिथं अल्कोहोल आणणार आहोत आणि त्याचा भडका उडायला तापलेला दिवा पुरतो. दिवा गार होईस्तोवर स्टेज पूर्ण खाली घ्या. नोजपीस, म्हणजे लेन्स बसवलेली फिरती चकती, मात्र फिरवू नका. सगळे इथंच चुकतात. ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची लेन्स) खाली तोंड करून लटकत असते, तोवर थेंब तिच्या टोकालाच राहतो. नोजपीस फिरवली की ती तिरपी होते आणि थेंब अंगावरून वर चढून सांध्यात शिरतो. म्हणून आधी लेन्स पेपरचं (भिंगं पुसायच्या खास कागदाचं) टोक त्या थेंबाला नुसतं टेकवा. कागद थेंब ओढून घेतो. दोन-तीन कागद झाले की मग फिरवा.

स्लाइड चिमट्यानं उचला. ती आणि कव्हरस्लिप काचेच्या कचऱ्याच्या निळ्या खुणेच्या, न भोसकणाऱ्या डब्यात जातात. भिजलेलं गॉज आणि कागद पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांपासून ही विभागणी ठरलेली आहे, पण कव्हरस्लिपचा तुकडा गॉजबरोबर पिवळ्या पिशवीत गेलेला मी कितीदा तरी बघितलाय. पुढं तो टोचतो कचरा उचलणाऱ्या माणसाला.

मग टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. फिल्टर पेपर किंवा गॉजची घडी थेंबावर ठेवा, दाबू नका, उचला, नवीन घ्या. बाहेरच्या कडेकडून मध्याकडं. पुसलं की दोन सेंटिमीटरचा डाग दहा सेंटिमीटरचा होतो आणि निम्मा स्टेजच्या फटीत जातो. टिपून झालं की डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून त्यात गॉज भिजवा, घट्ट पिळा आणि त्यानं जागा पुसा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या गॉजनं. आता कुठं निर्जंतुक करायची पाळी आली.

आधी साबणपाणी का, सरळ अल्कोहोल का नको, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. अंड्याचा पांढरा बलक गरम तव्यावर पडला की जसा घट्ट धरतो, तसं रक्तातलं किंवा पूमधलं प्रथिन अल्कोहोल लागलं की साकळून पृष्ठभागाला चिकटतं. मग त्या पापुद्र्याखाली जंतू मजेत राहतात आणि वरून आपल्याला चकाचक दिसतं. घाण आधी निघाली पाहिजे.

अल्कोहोल ७० टक्के. जास्त कडक ते जास्त चांगलं असा समज आहे, तो चूक. प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच, शिवाय ॲब्सोल्यूट, म्हणजे जवळजवळ पाणीच नसलेलं, अल्कोहोल काम व्हायच्या आतच उडून जातं. ९५ टक्क्यांचं स्पिरिट हाताशी असेल तर ७४ मिली घ्या आणि डिस्टिल्ड वॉटर घालून १०० मिली करा. बाटलीवर तारीख लिहा आणि झाकण घट्ट ठेवा. गॉज ओलं करा, निथळेल इतकं नको, आणि जागेवर पसरून ठेवा. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली अल्कोहोल बघता बघता वाळतं, आणि वाळलं की त्याचं काम थांबलं. म्हणून दोन-तीन वेळा नवीन गॉज ठेवून जागा काही मिनिटं सलग ओली राहील असं बघा. स्टेज, स्लाइड धरणारा चिमटा, फोकसच्या दोन्ही खुंट्या, दिव्याचं बटण, घाबरून जिथं जिथं हात लागला असेल ते सगळं. खुंट्या लोक हमखास विसरतात. नमुना सांडला तेव्हा आपली बोटं त्याच खुंट्यांवर होती ना?

इथवर लघवीचं झालं. पण नमुना कुठला आहे त्यावर बरंच अवलंबून असतं.

रक्त असेल तर वर सांगितलेलाच क्रम, फक्त साबणपाण्याला जास्त वेळ द्या. वाळलेल्या रक्ताला कमी लेखू नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. खूप सांडलं असेल आणि मायक्रोस्कोपच्या रंगवलेल्या पायावर हायपो लावायचंच असं ठरलं, तर ०.५ टक्क्यांचं, त्याच दिवशी केलेलं घ्या. ५ टक्क्यांचं हायपो असेल तर एक भाग हायपो, नऊ भाग पाणी. गॉजनं लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा पुसून काढायचं आणि त्यानंतरच अल्कोहोल. हायपोवर थेट अल्कोहोल ओतू नका, दोन्हींची रासायनिक कुरबुर होते आणि त्यातून निघतं ते छातीला चांगलं नसतं. बायोप्सीचं फॉर्मॅलिन सांडलं असेल तिथं तर हायपो अजिबात नको.

शौचाच्या नमुन्यात वेगळीच गोम आहे. जंताची अंडी, विशेषतः गोलकृमीची, कवचानं इतकी भक्कम असतात की ७० टक्के अल्कोहोल आणि आपलं नेहमीचं हायपो दोन्ही पचवतात. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या परजीवीला क्लोरीनची फिकीर नाही. जिवाणूंचे स्पोअर, म्हणजे कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलनं मरत नाहीत. मग करायचं काय? त्यांना तिथून उचलून बाहेर काढायचं. शौच सांडलं की मी साबणपाण्याचा हात तीनदा फिरवते, प्रत्येक वेळी नवीन गॉज, आणि गॉजची एकच बाजू वापरते. औषध त्यानंतर. स्लाइडवर रंगासाठी घातलेल्या आयोडीनचा पिवळा डाग राहिला तर अल्कोहोलनं बराचसा निघतो. नाही निघाला तर राहू दे, डागानं काही अडत नाही.

वीर्याचा नमुना चिकट असतो, वाळला की काचेवर वार्निशसारखा बसतो, म्हणून तो सांडल्या सांडल्या पाण्यानं काढा. मणक्यातलं पाणी मोजताना न्यूबॉर चेंबरमधून (पेशी मोजायच्या रेघांच्या काचेतून) ओघळलं तर मात्र काळजी जास्त, कारण ते पाणी बहुधा काढलेलंच मेंदुज्वराच्या संशयावरून असतं. तिथं मास्कशिवाय एक मिनिटही नको.

थुंकीचं म्हणाल तर सरकारी क्षयरोग केंद्रात येणारी बहुतेक थुंकी मायक्रोस्कोपपर्यंत पोचते ती वाळवून, आचेवर पक्की करून, रंगवलेल्या स्लाइडच्या रूपात. सांडायला ओलं काही नसतं. तरी आच दाखवली म्हणजे क्षयाचा प्रत्येक जंतू मेला असं समजू नका. स्लाइडला ग्लोव्हज घालूनच हात लावा. ओली थुंकी किंवा कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जंतू, सांडलं तर धोका टेबलावर कमी आणि हवेत जास्त असतो. श्वास रोखून बाहेर या, दार ओढून घ्या, अर्धा तास कुणी आत जायचं नाही. नंतर एन ९५ मास्क लावून जा. टेबलाला ५ टक्के फेनॉल, मायक्रोस्कोपला ७० टक्के अल्कोहोल. बाजारात मिळणारे क्वाटरनरी अमोनियमचे ओले वाइप्स साध्या कामाला बरे, क्षयाच्या जंतूला नेहमीच पुरतात असं नाही.

मायक्रोस्कोपपेक्षा तुम्ही महाग आहात, हेही इथंच सांगते. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा. काच लागली तर साबण आणि वाहतं पाणी. जखम पिळायची नाही, तिच्यावर हायपो किंवा स्पिरिट ओतायचं नाही. आणि कुणाला न सांगता पट्टी बांधून कामाला लागायचं नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ती सरकारी रुग्णालयात मिळतात. हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन डोसांत पूर्ण झालीय का? छोट्या लॅबमध्ये नव्या मुलांना हे विचारायचं राहूनच जातं. तुमचं राहिलं असेल तर या आठवड्यातच सुरू करा.

आता काच. मायक्रोस्कोपचं अंग पुसायला जे चालतं ते काचेला चालतंच असं नाही.

लेन्सवर एक पातळ लेप असतो, आणि समोरच्या भिंगाला धरून ठेवणारा डिंकासारखा सिमेंट असतो. टिश्यू पेपर मऊ वाटतो, पण तो लाकडाच्या लगद्याचा. त्यानं खसाखसा पुसलं की लेपावर बारीक ओरखडे उठतात. ॲप्रनच्या टोकाबद्दल मी बोलतच नाही. लेन्स पेपरच वापरा, आणि तोही कोरडा कधीच नको. पहिल्यांदा रबरी फुग्याच्या ब्लोअरनं धूळ उडवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण जातात.

त्यानंतरचा प्रश्न असा, की काचेवर बसलंय काय? तुमच्या झायलीनचं गणित इथंच चुकलं. झायलीन तेल विरघळवतं. तुमच्या लेन्सवर तेल नाही, वाळलेली लघवी आहे, म्हणजे क्षार आणि थोडं प्रथिन. त्यावर वाळलेलं हायपो, म्हणजे आणखी मीठच. मीठ झायलीनमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. कितीही घासलं असतं तरी गेलं नसतं, उलट भिंगाचा सिमेंट मऊ व्हायचा धोका होता. झायलीन आणि ॲसिटोन मी लेन्सजवळ आणतच नाही, जुन्या लोकांनी कितीही सांगितलं तरी.

पण आधी धूसरपणा नक्की ४० एक्सचाच आहे ना, ते बघून घ्या. आयपीस बोटांनी फिरवा. डाग त्याबरोबर फिरले तर ते आयपीसवर आहेत. स्लाइड सरकवल्यावर सरकले तर स्लाइडवर. कंडेन्सर वर-खाली करताना स्पष्ट-अस्पष्ट झाले तर कंडेन्सरवर, आणि तुमच्याकडं भोकातून पाणी खाली उतरलंय म्हणजे ही शक्यता भरपूर आहे. १० एक्सनं स्वच्छ आणि ४० एक्सनंच धूसर असेल तर मग दोषी तीच.

ती ऑब्जेक्टिव्ह काढा, दोन्ही हातांनी, खाली मऊ कापड पसरून. एक आयपीसही काढा आणि उलटा धरा. उलटा आयपीस म्हणजे फुकटचं भिंग. त्यातून ऑब्जेक्टिव्हचं टोक खिडकीच्या उजेडात बघा. पांढरी पापुद्र्यासारखी रांगोळी दिसली तर क्षार. इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर तेल. तेही असू शकतं, कारण १०० एक्सचं तेल न पुसता ४० एक्सवर परत यायची खोड आपल्या लोकांना लई जुनी आहे. ४० एक्स आणि स्लाइड यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जागा, तेलात बुडायला कितीसा वेळ?

क्षार असेल तर औषध डिस्टिल्ड वॉटर. ४० एक्सचं समोरचं भिंग लहान आणि बऱ्याचदा किंचित खोलगट असतं, लेन्स पेपर सपाट धरून तिथं पोचत नाही. बाजारातले कानाचे बड्स नकोत. त्यांचा गोंद अल्कोहोलमध्ये सुटतो आणि तोच लेन्सवर चिकटतो. मी खराट्याचा हीर घेते, धुऊन वाळवलेला. त्याच्या टोकावर सर्जिकल कापसाची सैल गुंडाळी करायची, टोक कापसाच्या बाहेर येता कामा नये. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून झटकायची, भिंगावर हलकी टेकवायची आणि अर्धा मिनिट तशीच धरायची. मीठ आपसूक सुटू द्या. मग मध्यापासून बाहेर, गोगलगायीच्या शंखासारखं, वजन न देता एकदा फिरवायचं. कापूस फेकायचा, नवीन घ्यायचा. असं तीन-चार वेळा. शेवटी ॲब्सोल्यूट अल्कोहोलचा एक हात, पाण्याचा माग राहू नये म्हणून. तेल असेल तर पाण्याची पायरी सोडून थेट अल्कोहोल. इथर मिळालं तर सात भाग इथर आणि तीन भाग अल्कोहोल हे मिश्रण तेलाला फार छान, पण इथरची वाफ भयंकर पेट घेते. बन्सेन बर्नर, हीटर, देवाजवळची उदबत्ती, सगळं बंद असताना आणि खिडकी उघडी ठेवूनच.

मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट लेन्सला नको, त्यात तेलकट भाग असू शकतो. हातावरचं सॅनिटायझर तर नकोच. त्यात ग्लिसरीन असतं. कोरोनाच्या काळात कित्येक लॅबमधल्या आयपीसवर त्याचा चिकट थर बसला होता, आणि लोक डोळे तपासून घ्यायला धावत होते.

हे सगळं करूनही धूसर राहिलं तर पाणी आत गेलंय. ४० एक्सचं टोक स्प्रिंगवर असतं, दाबलं की थोडं आत जातं. त्या फटीतून ओल शिरते. ऑब्जेक्टिव्ह उघडायचा मोह आवरा. आतली भिंगं केसाच्या हिशेबानं बसवलेली असतात, घरी उघडली की परत ती कधीच सरळ बसत नाहीत. तेव्हा ती सर्व्हिसवाल्याचीच.

कंडेन्सर खाली घेऊन बाजूचा स्क्रू सैल केला की बहुतेक मॉडेलमध्ये निघतो. वरचं भिंग पाणी आणि अल्कोहोल या क्रमानं पुसा. उजेड कमी-जास्त करणाऱ्या खालच्या डायफ्रॅमच्या पात्यांना काहीही लावू नका. त्या पाकळ्या इतक्या पातळ असतात की ओलसर झाल्या तर एकमेकींना चिकटतात आणि ओढाताण केली तर वाकतात. दिव्यावरची काच पुसायला सोपी. दिव्याच्या खोक्यात मात्र पाणी गेलं असेल तर प्लग लावून बघू का, असं करायचं नाही.

स्टेजवरचे पांढरे ठिपके जाणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. ॲल्युमिनियमवरचा थर खाल्ला गेलाय. पण पसरायचे थांबतील. डिस्टिल्ड वॉटरच्या गॉजनं दिवसातून एकदा, तीन-चार दिवस पुसा, म्हणजे सांध्यातला क्षार निघेल. नंतर कोरड्या कापडानं. दातेरी पट्टीत ओल गेली असेल तर टोकदार केलेल्या काडीवर कापूस लावून ती पुसा. तिथलं ग्रीस अल्कोहोलनं धुऊन गेलं असेल, तर खुंटी फिरवताना करकर जाणवेल. म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडू नका. ते पातळ असतं, ओघळून ऑब्जेक्टिव्हपर्यंत येतं आणि काही महिन्यांत गोंदासारखं होतं. एका लॅबमध्ये खोबरेल घातलेलं बघितलंय मी. डिसेंबरच्या थंडीत सकाळी स्टेज हलेना, दुपारी ऊन चढलं की हलायचा!

रबरी आयकपना रोज अल्कोहोल नको, तडकतात. साबणपाणी पुरतं. पण आयपीस सगळ्यांचा एकच, हे विसरू नका. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा आम्ही प्रत्येकाला आपापले आयकप दिले होते. ती सवय नंतरही सोडली नाही.

पुसून झालं की लगेच प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, विशेषतः जून ते सप्टेंबर. आत कोंडलेली ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि बुरशी लेन्सचा लेप खाते. पंख्याखाली तासभर उघडं ठेवा, मग कव्हर, आत सिलिका जेलची पुरचुंडी. निळी जेल गुलाबी झाली की ती भरली, ओव्हनमध्ये तापवून परत निळी करून घ्या. आपल्या गावात पावसाळा म्हणजे नुसता ओलावा नाही, पूरही आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. आम्ही ३९ फुटांनाच मायक्रोस्कोप वरच्या मजल्यावर नेतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये एका ओळखीच्या लॅबचा तळमजला पाण्यात होता. पूर ओसरल्यावर त्यांनी मायक्रोस्कोप तसाच चिखलासकट उन्हात वाळत घातला. चिखल दगडासारखा घट्ट झाला आणि भिंगांच्या आत बुरशीचं जाळं आलं. पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी, तेव्हा ते ओलं असतानाच साबणपाण्यानं उतरवायचं आणि लगेच सर्व्हिसला द्यायचं.

मुळात कव्हरस्लिप सरकली का? माझा अंदाज, थेंब मोठा होता. २२ गुणिले २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपखाली १० मायक्रोलिटर टाकलं तर साधारण २० मायक्रॉनचा थर होतो. वीर्य तपासणीत तेवढंच घेतात. डिपॉझिटला दुप्पट, २० मायक्रोलिटर धरा. ड्रॉपरचा एक थेंब त्याच्या दुपटीहूनही मोठा भरतो. मग कव्हरस्लिप पाण्यावर होडीसारखी तरंगते आणि ४० एक्स फिरवली की ढकलली जाते. मायक्रोपिपेट नसेल तर ड्रॉपरनं घातल्यावर कव्हरस्लिपच्या कडेला फिल्टर पेपरची पट्टी टेकवा, जास्तीचं पाणी ती ओढून घेईल. दहा सेकंदांचं काम आहे, पण सकाळी नऊच्या गर्दीत चाळीस नमुने रांगेत असताना तेच टाळलं जातं, मला माहितीय.

सर्व्हिसला द्यायची वेळ आली तर ऑब्जेक्टिव्ह पाठवण्याआधी बाहेरून अल्कोहोलनं पुसा, वेगळ्या पिशवीत घाला आणि एक चिठ्ठी लावा: कुठला नमुना सांडला, कधी, कशानं पुसलं. हायपो लावलं होतं हेही लिहा, लाजू नका. उद्यमनगरात असल्या नाजूक दुरुस्त्या करणारे एक काका होते. ते ऑब्जेक्टिव्ह डोळ्याजवळ धरायचे आणि पेचकस तोंडात धरून दोन्ही हातांनी काम करायचे. आमच्याकडून गेलेल्या वस्तूवर काय सांडलं होतं, हे त्यांना कित्येक वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.